बडोद्यात बियांपासून केळ: बी निवडण्यापासून रोप जमिनीत जाईपर्यंत

बाजारातलं केळं उभं चिरलं की मधोमध बारीक काळसर ठिपके दिसतात. ते पेरू नका, त्यातून काहीही उगवणार नाही. ती न वाढलेली बीजांडं आहेत. खायच्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणजे ३३ गुणसूत्रं. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही, आणि परागीकरण न होताच फळ भरतं. बसराई, रोबस्टा, ग्रँड नैन या तिन्ही जातींची हीच कथा. म्हणूनच भरूचपासून आणंदपर्यंतचे शेतकरी मुनवे, म्हणजे केळीच्या बुडाशी येणारे फुटवे, लावतात किंवा टिश्यू कल्चरची रोपं आणतात, बी कोणी पेरत नाही.

बी असते ती रानटी केळीत. त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनच संच असल्याने फळ दगडासारख्या बियांनी गच्च भरतं आणि गर नावापुरता राहतो. तेव्हा घरची केळी खायची इच्छा असेल तर हा रस्ता तुमचा नाही. नर्सरीतून ग्रँड नैनची दोन रोपं आणा आणि जूनअखेर लावा, वर्षभराने घड येईल. बियांची केळ लावायची ती पानांसाठी, केळफुलासाठी, शोभेसाठी, किंवा सह्याद्रीतल्या रानकेळीसाठी, कारण ती मुनवे देतच नाही.

केळीची बी हट्टी असते हे खरं. पण बडोद्यात ती रुजत नाही याचं कारण बहुतेक वेळा पाणी किंवा खत नसतं, चुकीचा महिना असतो. याबद्दल सविस्तर पायरी ६ मध्ये लिहिलं आहे. बाकी घाईत वाचलंत तरी चालेल, ती पायरी मात्र सावकाश वाचा.

१. कोणती केळ लावायची ते आधी ठरवा

पहिल्यांदाच करत असाल तर गुलाबी केळ घ्या. शास्त्रीय नाव म्युसा व्हेल्युटिना, मूळची आसाम-अरुणाचल भागातली. उंची चार ते सहा फूट, त्यामुळे गच्चीवर मोठ्या कुंडीतही मावते. फळं बोटाएवढी, गुलाबी आणि मखमली लव असलेली. पिकली की साल आपोआप मागे उलटते आणि आतला पांढरा गर दिसू लागतो. ताजी बी मिळाली तर तीन ते आठ आठवड्यांत रुजते. केळीच्या हिशोबात हे फार लवकर म्हणायचं.

पानांसाठी हवी असेल तर म्युसा बाल्बिसियाना. आसामात भीमकोल म्हणून बियांची केळ घरोघरी लावतात, तिचा गर लहान मुलांना भरवतात, ती याच जातीची मानली जाते. पान जाड आणि चिवट असतं, सहज फाटत नाही. गणपतीच्या नैवेद्याला, पंगतीला आणि सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधायच्या खुंटांना ही उत्तम. पण झाड १५ ते २० फूट वाढतं आणि मुनव्यांचं बेट करतं. आवारात मोकळी जागा नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी रानकेळ, म्हणजेच कवदर. शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर फुगीर बुडाची, निळसर हिरव्या पानांची केळ दिसते ती हीच. काटेकोर बोलायचं तर ती केळीची चुलत बहीण आहे, वरच्या दोघी ज्या म्युसा गटातल्या त्यातली नव्हे. तिला मुनवे येत नाहीत, आयुष्यात एकदाच फुलते आणि बी देऊन मरते. म्हणून तिला वाढवायचा एकच मार्ग, बी. फुलायला कित्येक वर्षं घेते. लवकर काही दिसावं अशी अपेक्षा असणाऱ्यांसाठी ही नाही, पण पानांचा डौल असा की फुलाची वाट पाहावी लागत नाही.

दोन जाती एकदम लावायच्या असतील तर गुलाबी केळ आणि कवदर ही जोडी घ्या. पहिली लवकर रुजून धीर देते, तोवर दुसरी तिच्या वेळेने येते.

२. काय काय लागेल

- बिया: एका जातीच्या किमान १५ ते २०. पाच बिया घेऊन बसलात तर एकही रोप न मिळण्याची शक्यता बरीच.
- कोकोपीटची ६५० ग्रॅमची एक वीट. भिजून साधारण ८ लिटर होते.
- जाड नदीची रेती, तेवढ्याच मापाची. प्लास्टरची बारीक रेती नको, ती सिमेंटसारखी बसते.
- झिप असलेले पारदर्शक पाऊच, किंवा खोल कप्प्यांचा ५० घरांचा प्रो-ट्रे.
- तार असलेला डिजिटल थर्मामीटर, ज्याचं टोक मातीत खुपसता येईल. हे साहित्य टाळू नका. अंदाजाने ऊब मोजणं हीच पुढच्या निम्म्या चुकांची मुळी आहे.
- झाकणाचा थर्माकोलचा खोका.
- ट्रायकोडर्मा पावडर (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), पिठाची चाळण, अडकित्ता, पेन्सिल आणि चिठ्ठ्या. पेनाची शाई ओलीत पसरते, पेन्सिल टिकते.
- पुढे मे महिन्यासाठी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी.

३. बी खरी आहे का ते बघा

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. ऑनलाइन निळ्या केळ्यांचे, लाल केळ्यांचे, फूटभर उंचीच्या झाडाला लगडलेल्या घडांचे फोटो दाखवून बिया विकतात. निळ्या केळ्याच्या नावाने जी जात ओळखली जाते ती खायची, बी नसलेली जात आहे, म्हणून तिची बी विकणारा खोटंच विकतो. 'ग्रँड नैनची बी', 'वेलची केळीची बी' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तेही तसंच समजा. पाकिटावर शास्त्रीय नाव नसेल तर घेऊ नका. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: जात कोणती, आणि बी कोणत्या महिन्यात काढली? दुसऱ्याचं उत्तर त्याला देता येत नसेल तर बी जुनी आहे असं धरून चाला.

खरी म्युसाची बी काळी किंवा गडद तपकिरी, ४ ते ७ मिलिमीटरची, काहीशी कोनाकोनाची आणि नखाने ओरखडाही न उठणारी असते. कवदरची त्याहून बरीच मोठी, हरभऱ्यापेक्षा थोर. चपटी, फिकट, हलकी, भोपळ्याच्या किंवा टोमॅटोच्या बीसारखी दिसणारी बी केळीची नव्हे.

पाकीट आलं की एक बी बळी द्या. अडकित्त्यात धरून फोडा. आत पांढरा, खडूसारखा पिठूळ भाग दिसला तर बी चांगली. आत तपकिरी, पोकळ किंवा कुबट वासाचं काही निघालं तर दुसरी फोडा. तीही तशीच निघाली तर फोटो काढून पैसे परत मागा, पेरण्यात आठवडे घालवू नका. पाण्यात बुडते ती चांगली हा सर्वसाधारण नियम इथे पुरेसा विश्वासाचा नाही, मेलेली बीही बुडते. मात्र दोन दिवस भिजवूनही तरंगत राहणारी बी बहुधा पोकळ असते.

आणखी दोन इशारे. परदेशातून टपालाने बिया मागवू नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि पाकिटावर 'भेटवस्तू' लिहिल्याने हा नियम टळत नाही. दुसरं, अभयारण्यातून कवदरची बी आणू नका. वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे, आणि जी वनस्पती निव्वळ बियांवर जगते तिची बी उचलणं म्हणजे तिची पुढची पिढीच उचलणं. लागवडीतल्या झाडाची बी मिळते, तीच घ्या.

४. बी धुणे आणि भिजवणे

सुकलेली बी आली असेल तर थेट भिजवायला लागा. ताजं फळ मिळालं असेल तर आधी गर पूर्ण काढावा लागतो. फळ मऊ पडेपर्यंत पिकू द्या, गर कुस्करून एक दिवस पाण्यात ठेवा, मग पिठाच्या चाळणीवर वाहत्या पाण्याखाली चोळा. बी हाताला बुळबुळीत लागते तोवर चोळत राहा. राहिलेल्या गोड गरावर चार दिवसांत बुरशी चढते, आणि ती पसरली की शेजारच्या चांगल्या बियाही जातात. बी उन्हात वाळवू नका. लगेच पेरणार असाल तर वाळवायची गरजच नाही, ताजी बी सर्वांत चांगली रुजते. ठेवायची असेल तर सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पाकिटात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

धुतलेली बी कोमट पाण्यात भिजवा: म्युसा ४८ तास, कवदर ७२ तास. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल असं. उकळतं पाणी ओतलं की बी 'जागी होते' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. शेवटी एक भाग साधं कपड्यांचं ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं ठेवून तीनदा स्वच्छ धुवा.

कवच कठीण आहे म्हणून नेलकटरने टवका काढणं किंवा कानशीने घासणं हा मोह अनेकांना होतो. बीला एका बाजूला छोटी खळगी असते, तिच्यात बूच बसवल्यासारखं झाकण असतं आणि त्याच्याच आत अळंबीच्या आकाराचा इवलासा गर्भ. रुजताना गर्भ ते बूच स्वतः ढकलून बाहेर येतो. पाणी कवच न फोडताही आत जातं. टवका चुकीच्या जागी पडला तर गर्भ जातो, बरोबर जागी पडला तरी बुरशीला दार उघडं मिळतं. नवख्याने यात पडूच नये.

५. माध्यम तयार करणे

बडोद्याची काळी माती इथे अजिबात नको. ओली असताना ती चिकटते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा बी गुदमरते.

कोकोपीट आणि रेती समसमान घ्या. कोकोपीट वापरण्याआधी किमान तीनदा भिजवून पिळून काढा, त्यात मीठ असतं. घरात आरओसाठीचं टीडीएस मीटर असेल तर पिळलेल्या पाण्यात बुडवून बघा. आकडा तुमच्या साध्या पाण्याच्या जवळ आला की धुणं पुरे. रेतीवर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या. मग दोन्ही मिसळा आणि दर लिटर मिश्रणाला एक चहाचा चमचा ट्रायकोडर्मा घाला. गरम रेतीत घातला तर तो मरतो, म्हणून गार झाल्यावरच. खत अजिबात घालू नका. बीजवळ स्वतःचं अन्न असतं, खताने फक्त बुरशीचं फावतं.

आजवा तलावाचं पाणी नळाला येत असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा. बोअरचं खारट पाणी असेल तर रुजवणीपुरतं तरी दुसरं पाणी आणा. खाऱ्या पाण्याचं नुकसान बीत दिसत नाही, महिन्याभराने कोवळ्या पानांची टोकं करपतात तेव्हा कळतं.

ओलावा किती? मिश्रण मुठीत घट्ट दाबलं की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त झालं, पसरून वाळू द्या.

२० पर्यंत बिया असतील तर पाऊच सोयीचा. लिटरभराच्या पाऊचमध्ये दोन मुठी मिश्रण, त्यात बिया एकमेकींना न चिकटता, आत थोडी हवा ठेवून झिप बंद. पाणी पुन्हा घालावं लागत नाही आणि बाहेरून मोड दिसतो. ट्रे वापरलात तर म्युसा १ सेंटिमीटर खोल, कवदर २ सेंटिमीटर, आणि वरून जाळी नक्की लावा. खारी बघता बघता अख्खा ट्रे उकरून ठेवतात. जात आणि तारीख लिहायला विसरू नका, आठ महिन्यांनी हीच चिठ्ठी तुमचा आधार असते.

६. ऊब: दिवसा वेगळी, रात्री वेगळी

केळीच्या बीला नुसती ऊब पुरत नाही, तापमान खाली-वर व्हावं लागतं. रानात ही बी मोठ्या झाडांच्या सावलीत पडून राहते. झाड कोसळून जागा उघडी झाली की तिथली माती दिवसा तापते आणि रात्री निवते, आणि त्यावरून बीला कळतं की आता वर येण्यात अर्थ आहे. सावलीतल्या एकसारख्या तापमानात ती झोपूनच राहते. म्हणून दिवसा ३० ते ३५ अंश, रात्री १८ ते २२ अंश, असा बारा-पंधरा अंशांचा फरक रोज मिळायला हवा.

आता बडोद्याचं वर्ष समोर ठेवा. आपला पेरणीचा स्वभाव आषाढ-श्रावणाचा. पण जुलैत इथे दिवसा साधारण ३३ आणि रात्री २६ अंश असतात, फरक जेमतेम सात. पावसाळ्यात पेरलेली बी हवामान सुखद असूनही पडून राहते आणि दमटपणाने कुजते. मे महिन्यात फरक पुरेसा असतो, पण दुपारचा पारा ४१-४२ वर जातो आणि बंद पाऊचमध्ये त्याहूनही वर. जानेवारीत रात्र १२-१३ अंशांवर येते, ती फार थंड.

उरतात दोन खिडक्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर, तेव्हा दिवस ३१ ते ३६ आणि रात्र १५ ते २०. दुसरी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दिवस ३४-३५ आणि रात्र १८ ते २१. दोन्हींत निसर्गच तुमच्यासाठी हीटर चालू-बंद करतो. पहिली खिडकी उत्तम, कारण उगवलेलं रोप पावसाळ्यापर्यंत हातभर होतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेरलंत तर कोवळी रोपं थंडीत सापडतात, त्यांना घरात ठेवावं लागेल.

पाऊच किंवा ट्रे थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, खोका गच्चीवर किंवा गॅलरीत सावलीत. दिवसा झाकण अर्धं उघडं ठेवा, संध्याकाळी पूर्ण उघडा, म्हणजे रात्रीची थंडी आत पोचते. थर्मामीटरचं टोक माध्यमात ठेवून पहिले तीन दिवस दुपारी तीनला आणि पहाटे सहाला आकडे लिहा. दुपारी २८ च्या वर जात नसेल तर सकाळचं तासभर ऊन मिळेल अशी जागा बघा. ३८ च्या वर जात असेल तर खोका आत घ्या. बंद पाऊच थेट उन्हात ठेवू नका, अर्ध्या तासात बिया शिजतात. पत्र्याच्या शेडखालीही नको.

राउटरवर, सेट-टॉप बॉक्सवर किंवा फ्रिजच्या माथ्यावर पाऊच ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तिथे ऊब मिळते, पण चोवीस तास सारखीच, आणि सारखी ऊब म्हणजे बीच्या लेखी झाडाची सावली. तीच जागा वापरायची असेल तर पाऊच दिवसा तिथे आणि रात्री खिडकीत, असं रोज हलवा. चुकणार नसाल तर हेही चालतं.

थंडीत करायचंच असेल तर खोक्यात जुन्या तारेचा 'झिरो'चा दिवा लावा. तो प्रत्यक्षात १५ वॅटच्या आसपास असतो आणि पुरेशी ऊब देतो. टायमरवर सकाळी आठ ते रात्री आठ चालू, नंतर बंद. एलईडी तापत नाही, त्याचा उपयोग नाही. दिवा थर्माकोलपासून आणि पाऊचपासून वीतभर लांब टांगा, आणि पहिला पूर्ण दिवस तुम्ही घरी असतानाच चालवून बघा.

७. वाट बघणे

गुलाबी केळ तीन ते आठ आठवडे. बाल्बिसियाना एक ते सहा महिने. कवदरलाही महिने लागतात. आणि सगळ्या बिया एकदम येत नाहीत. आज एक, पंधरा दिवसांनी दोन, मग दोन महिने काहीच नाही, असा त्यांचा क्रम. वर्ष पूर्ण व्हायच्या आत पाऊच टाकू नका. मार्चमधला पाऊच काही न उगवता मे गाठत असेल तर घरातल्या गार खोलीत ठेवा आणि ऑक्टोबरात पुन्हा बाहेर काढा. दुसऱ्या खिडकीत पुष्कळ बिया हलतात.

आठवड्यातून एकदा पाऊच पाच मिनिटं उघडा. बीवर पांढरा कापूस दिसला तर घाबरू नका, ती बहुतेकदा उरलेल्या गरावरची बुरशी असते. बी काढून धुवा, अंगठ्याने दाबा. टणक असेल तर नव्या मिश्रणात परत ठेवा. मऊ पडून चेपली आणि आंबूस वास आला तर ती गेली, बाहेर काढा. रोज उकरून बघणं मात्र नको. बुचाखालून नुकतं निघालेलं मूळ केसाएवढं असतं, बोट लागलं की तुटतं आणि त्या बीला दुसरं मूळ येत नाही.

८. मोड आल्यानंतरचे पहिले दोन महिने

आधी बूच सरकतं, पांढरं मूळ खाली जातं, मग गुंडाळलेली हिरवी सुई वर येते. ती गवताच्या पात्यासारखी दिसते. तण समजून उपटलं जातं ते याच टप्प्यावर.

मोड दिसला की बीसकट चमच्याने उचलून ४ इंची कुंडीत लावा. बी रोपाला चिकटलेली असेल ती काढू नका, रोप अजून तिच्यातूनच जेवत असतं. कुंडीत एक भाग चाळलेली माती, एक भाग गांडूळखत, दोन भाग कोकोपीट-रेती. कुंडी उजेडात ठेवा, सकाळचं ऊन चालेल, दुपारचं नको.

रोप बुडाशी काळं पडून आडवं झालं तर ती रोपमर. एकदा पडलेलं रोप वाचत नाही, शेजारची वाचवायची असतात. वरून पाणी घालायचं थांबवा, ताटलीत पाणी घालून कुंडी वीस मिनिटं ठेवा आणि उरलेलं ओतून द्या. मातीचा वरचा पेरभर थर कोरडा झाल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. वारा खेळता ठेवा. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं दिसू लागली तर पाणी जास्त होतंय एवढंच समजा.

तिसरं पान उघडेपर्यंत खत नाही. नंतर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम. केळ खादाड आहे हे मोठ्या झाडाला लागू, पोराला नव्हे. मुळं कुंडीच्या भोकातून दिसली की ८ इंची, मग १४ इंची. सरळ मोठ्या कुंडीत टाकलंत तर न वापरलेली माती ओली राहून आंबते.

९. मे महिना

मार्चचं रोप मेमध्ये चार-पाच पानांचं असतं आणि बडोद्याची दुपारची झळ त्याला सोसत नाही. हिरवी जाळी लावा, पश्चिमेच्या बाजूला दोन पदरी. पानांच्या कडा वाळल्या तर तो वारा, पान पिवळट होऊन खालून बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. कोळ्यासाठी औषध शोधण्याआधी चार दिवस रोज सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा, कोरडं पान मिळालं नाही की कोळी टिकत नाही. गुंडाळलेल्या पानाच्या बेचक्यात मावा दिसला तर तो मात्र त्याच दिवशी पुसून काढा. केळीचा पर्णगुच्छ हा विषाणूरोग तोच पसरवतो, आणि त्याला इलाज नाही.

१०. जमिनीत लावणे

दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवा निवली की लावा, म्हणजे जूनअखेर ते जुलै. रोप किमान फूटभर असावं. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. त्यात १० किलो कुजलेलं शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि दोन पाट्या रेती मातीत मिसळून भरा. ताजं शेण नको, त्याच्या उष्णतेने मुळं जळतात.

काळ्या मातीत केळ सपाटीला लावू नका. विश्वामित्री नदीच्या आसपासच्या सखल सोसायट्यांत तर नाहीच. फूटभर उंच वरंबा करून त्याच्या माथ्यावर लावा. केळीला पाणी भरपूर लागतं, पण साचलेलं दोन दिवसही चालत नाही, कंद कुजतो आणि वर पानं पिवळी पडेपर्यंत ते कळत नाही. गुलाबी केळीसाठी चार-पाच फूट अंतर, बाल्बिसियानाला भिंतीपासून दहा फूट. वाऱ्याचा आडोसा बघा, नाहीतर पानांच्या चिंध्या होतात आणि नैवेद्याला एकही धड मिळत नाही. त्याच वर्षीच्या गणपतीला पान काढायची घाई करू नका. पहिल्या वर्षीचं प्रत्येक पान कंद भरतं, पुढच्या भाद्रपदात हवी तेवढी मिळतील.

गच्चीवरच ठेवणार असाल तर गुलाबी केळीला ६० लिटरचा ड्रम, बुडाला आठ-दहा भोकं. उन्हाळ्यात रोज पाणी, पावसाळ्यात ड्रम विटांवर उचललेला.

११. पहिला हिवाळा, आणि कवदर 'मरते' तेव्हा

डिसेंबरात रात्र १२-१३ अंशांवर आली की म्युसाची वाढ थांबते, नवं पान येत नाही, जुनी थोडी पिवळी पडतात. हे आजारपण नाही. पाणी निम्मं करा, खत बंद ठेवा, फेब्रुवारीअखेर ती आपणहून चालू होते.

कवदरचं वेगळं. पाऊस संपल्यावर एकेक पान सुकून गळतं आणि शेवटी मातीवर फुगीर बुंधा तेवढा उरतो. पहिल्या वर्षीची लहान रोपं पाणी मिळत राहिलं तर पानं धरून ठेवतातही, पण दुसऱ्या हिवाळ्यापासून हा विसावा ठरलेला. रोप मेलं म्हणून उपटून टाकणारे आणि जगवायला म्हणून रोज पाणी घालणारे, दोघांचंही झाड याच काळात जातं. बुंधा दाबून बघा, टणक असेल तर झाड जिवंत आहे. पानं गेली की पाणी पूर्ण थांबवा, कुंडी सावलीत आडोशाला ठेवा आणि उन्हाळाभर हात लावू नका. जूनच्या पहिल्या सरी आल्या की कुंडी उघड्यावर काढा. पंधरा-वीस दिवसांत बुंध्याच्या मधोमध हिरवं टोक दिसेल, आणि त्या पावसाळ्यातली पानं आधीच्या वर्षीच्या दुप्पट निघतात. टोक दिसल्यावरच पहिलं ओंजळभर शेणखत द्या.